नळीचं मटण आणि चपाटा मिरची

सगळ्यात आधी मिरचीचं बोलू, कारण घरी केलेला बिर्रिया, म्हणजे मेक्सिकोचा मटणाचा रस्सा, बहुतेक वेळा तिथेच बिघडतो.

माझाही तिथेच बिघडला. हैदराबादच्या गच्चीबावलीत नोकरी करणारा भाचा एका रविवारी आला आणि "मावशी, हे करून दे" म्हणत मोबाइल पुढे केला. लालभडक तवंगात बुडवून तव्यावर खरपूस केलेली घडीची पोळी, आत शिजून सुटलेले मटणाचे धागे, शेजारी वाटीत रस्सा. मला वाटलं, यात काय आहे, आपला तांबडा रस्साच तर आहे. घरात होतं ते गुंटूरचं तिखट पळीभर घातलं. चित्रातला रंग येईना म्हणून आणखी थोडं. भाच्यानं चार घास खाल्ले, दोन तांबे पाणी प्यायला आणि मान खाली घालून दहीभात मागितला. उरलेलं सगळं मी दोन दिवस पाणी घालून घालून संपवलं.

चूक साधी होती. मेक्सिकोत या रश्श्यात मिरची तिखटपणासाठी पडतच नाही. तिथे ती रंगासाठी, दाटपणासाठी आणि सुक्या फळासारख्या गोडसर वासासाठी पडते. ग्वाहियो, आंचो, पासिया अशा त्यांच्या सुक्या मिरच्या मूठमूठभर भिजवून वाटतात, आपण कांदा-खोबरं वाटतो तशा. आपण तिथे चमचाभर जहाल तिखट टाकलं की रस्सा पातळच राहतो आणि जीभ मात्र भाजते. म्हणून पहिलं सांगणं हे, की तिखटाचा डबा त्या दिवशी फडताळातून काढूच नका. आख्ख्या, कमी तिखट, गरदार मिरच्या आणा.

त्यासाठी परदेशी पाकिटांची गरज नाही. हैदराबादेत राहणाऱ्यांचं तर नशीबच चांगलं आहे. वरंगळच्या भागात चपाटा नावाची मिरची होते. बुटकी, जाडजूड, फुगीर. दिसायला टोमॅटोसारखी म्हणून तिला टोमॅटो मिरचीही म्हणतात. तिखटपणा अगदी कमी आणि रंग असा, की वाटणाचा हात दोनदा धुतला तरी नखं लालच राहतात. 2025 मध्ये या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं. बेगमबाजारात किराण्याच्या ओळीत विचारा, नाहीतर मलकपेटच्या मार्केटात. दुकानदार आधी तेजा दाखवेल, कारण खप तिचा. तेजा जहाल आहे, ती नको. ठामपणे "चपाटा" म्हणा. मिरची हातात घेऊन वाकवून पाहा. चांगली असेल तर चामड्यासारखी वाकते, कडकडून मोडत नाही. मोडली तर जुनी आहे किंवा नको इतकी वाळवलेली आहे.

लातूर-नांदेड, पुणे-कोल्हापूरकडच्या वाचकांना चपाटा मिळाली नाही तरी अडत नाही. ब्याडगी घ्या. ती सुरकुतलेली, रंगाला पक्की आणि स्वभावानं मवाळ. तिचा गर चपाटापेक्षा कमी, म्हणून दोन-चार जास्त घ्या. मी दोन्ही मिसळते. दीड किलो मटणाला 40 ग्रॅम चपाटा आणि 20 ग्रॅम ब्याडगी. घरात तिखट खाणारे असतील तर दोन तेजा, त्यापुढे नाही. आणि मेक्सिकोची मिरची आपल्याकडे नाही म्हणून कुणी हळहळत असेल, तर मिरची मुळात तिकडचीच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती गोव्याला उतरली आणि आपण तिला घरचीच केली. चपाटा काय, ब्याडगी काय, लांबच्या नात्यातल्याच आहेत.

मिरच्यांची देठं आणि बिया काढा. तवा मध्यम तापवून एकेक बाजू काही सेकंद शेकवा. वास सुटला आणि कांती जराशी चकाकली की उचला. इथे फोन उचललात तर मिरची गेली. काळी पडलेली एक मिरची सगळ्या पातेल्याला कडवट करते, आणि तो कडवटपणा साखर घालून जात नाही, मी घालून पाहिली आहे. खिडक्या उघड्या ठेवा, नाहीतर शेजारी खोकत खोकत दार वाजवतील. शेकलेल्या मिरच्या कडकडीत पाण्यात अर्धा तास बुडवून वर ताटली ठेवा. नंतर ते पाणी चाखा. कडू लागलं तर ओता, नाहीतर वाटताना तेच वापरा.

आता मटण. इथे माझं म्हणणं असं, की महागातला तुकडा मागून पैसे वाया घालवू नका. मांडीचं स्वच्छ, गुळगुळीत, हाड नसलेलं मटण या पदार्थात कोरडं आणि भुसभुशीत होतं. आपल्याला हवीत जनावराची राबलेली अंगं. पायाची नळी, मान, आणि दस्त, म्हणजे पुढचा खांदा. त्यांत पांढरे पडदे आणि चिवट शिरा असतात. आपण त्या पाहून नाक मुरडतो, पण चव आणि दाटपणा त्यांतूनच येतो. त्या पडद्यांतलं कोलाजन 70 अंशांच्या पुढे, पाण्यात, हळूहळू विरघळतं आणि त्याचं जिलेटिन होतं. ओठ एकमेकांना चिकटतात तो रस्सा यानेच होतो. पिठानं किंवा काजूच्या वाटणानं तो येत नाही.

आमच्या खाटीकभाईंना मी पहिल्यांदा असं मटण मागितलं तेव्हा ते सुरा थांबवून म्हणाले, "इत्ती हड्डी लेको क्या करतें अम्मा?" मी म्हटलं, निहारीसारखं मंद शिजवायचं काहीतरी करायचंय. मग पुढे काही सांगावं लागलं नाही. नळ्या तीन-तीन बोटं लांब तोडल्या, मानेचे जाड काप केले, दस्त हाडासकट मोठाच ठेवला. तुम्हीही हेच सांगा, निहारीचं मटण द्या. बिर्रिया हा शब्द कुठल्या खाटकाला कळायचा नाही आणि कळायची गरजही नाही.

हैदराबादेत मटण म्हटलं की बहुतेक दुकानांत मेंढ्याचं मिळतं. तेलंगणात मेंढ्या अफाट आहेत. 2019 च्या पशुगणनेत 1 कोटी 90 लाखांच्या घरात, देशात सर्वांत जास्त. पोटेल म्हणतात तो मेंढा. बोकड हवा असेल तर तसं स्पष्ट विचारावं लागतं, तेलुगू दुकानात "मेक" म्हणायचं. बिर्रियाला बोकड उत्तम. मेंढ्याची चरबी जास्त सुटते आणि तिचा स्वतःचा वास असतो, तरी चालतो, फक्त वरचा तवंग थोडा काढून ठेवा.

बीफचंही स्पष्ट बोलते, कारण विचारणारे दबक्या आवाजात विचारतात. मोबाइलवर दिसणारा बिर्रिया गोमांसाचा असतो, पण ती तिख्वाना शहराकडची, सीमेवरची, नंतर कॅलिफोर्नियात फोफावलेली पद्धत. मूळ पदार्थ हालिस्को राज्यातला आणि तो शेळीचा. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तिकडे शेळ्या नेल्या. म्हातारी, चिवट, उग्र वासाची शेळी खाण्याजोगी करायची तर मसाला भरपूर आणि आच मंद, दुसरा उपाय नाही. स्पॅनिश भाषेत बिर्रिया या शब्दाचा एक अर्थच मुळी टाकाऊ वस्तू असा आहे. तेव्हा मटणाचा बिर्रिया म्हणजे नाइलाजाची नक्कल असं समजू नका, मूळ तोच. ज्यांच्या घरात मोठ्याचं चालतं त्यांच्यासाठी हैदराबादेत "बडे का" म्हणून मिळतं ते मुख्यतः म्हशीचं. इथे 1977 च्या कायद्यानं गोहत्येला बंदी आहे आणि बाकीच्या जनावरांना दाखला लागतो. महाराष्ट्रात मार्च 2015 पासून बैल-वळूही बंदीत आले, म्हैस तेवढी राहिली. म्हशीच्या नळीचा बिर्रिया झकास होतो, फक्त तासभर जास्त शिजवा. कुठलंही मटण घ्या, महापालिकेच्या कत्तलखान्याचा शिक्का पाहून घ्या. आणि पाहुण्यांना कशाचं आहे ते वाढण्याआधी सांगा. आमच्या वाड्यात सगळ्या जातीधर्माचे लोक जेवून गेले, कारण आजी दारातच सांगायची आज चुलीवर काय आहे ते.

वाटण करताना मराठी हात आपोआप खोबऱ्याकडे जातो. नेऊ नका. खोबरं नको, हळद नको, धणेपूड नको, डब्यातला गरम मसाला तर नकोच. हे चार घातले की छान रस्सा होतो, पण तो आपला रविवारचाच रस्सा. बाकीची रीत मात्र आपली आहे. दोन कांदे आणि एक आख्खा लसणाचा गड्डा सालीसकट तव्यावर भाजा, चार टोमॅटो जाळावर साल काळी पडेपर्यंत. साली काढून ते भिजलेल्या मिरच्यांबरोबर मिक्सरात घाला. वर चमचाभर जिरं, दहा मिरी, चार लवंगा, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. तिकडच्या कृतीत दालचिनी जास्त लिहिलेली असते, पण ती श्रीलंकेची पातळ, नाजूक सालीची. आपल्या बाजारात बहुधा जाड, जहाल साल मिळते, म्हणून निम्मी. ओरेगॅनोसाठी बाजारात जायला नको. पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या तुमच्या खणात पडलेल्या असतीलच, त्यातल्या चार फोडा आणि चिमूटभर ओवा टाका. तिकडचा ओरेगॅनो वेगळ्याच झाडाचा, पण ओव्यानं त्याची थोडी आठवण येते.

आंबटपणाला व्हिनेगर, पाव वाटी. ते मांसात मुरतं आणि चरबीचा जडपणा कापतं. गोव्याचं माडाचं व्हिनेगर मिळालं तर फार छान. विंदालूत लसूण आणि व्हिनेगर एकत्र येतात त्याची मुळं पोर्तुगालात आहेत आणि बिर्रियातल्या व्हिनेगरची स्पेनमध्ये, म्हणजे शेजारच्याच घरात. चिंच घातलीत तर दालच्याच्या, म्हणजे डाळ-मटणाच्या आंबट कालवणाच्या, वाटेला जाल. वाईट लागणार नाही, पण दालचाच लागेल.

वाटण चाळणीतून गाळा. कंटाळा येतो, मलाही येतो. तरी गाळा. मिरचीची सालं दातांत अडकली की इतका वेळ घालवलेला फुकट. गाळलेलं वाटण आणि चार सपाट चमचे मीठ मटणाला चोळून रात्रभर फ्रिजमध्ये.

दुसऱ्या दिवशी जाड बुडाच्या पातेल्यात थोड्या तेलावर ते सगळं परता, वाटणाचा रंग विटकरीकडे झुकून तेल सुटेपर्यंत. दीड लिटर गरम पाणी, दोन तमालपत्रं. एक उकळी आली की आच अगदी बारीक. यानंतर उकळू द्यायचं नाही. पातेल्याच्या कडेला एखाददुसरा बुडबुडा "पुट्" करावा, मधला भाग नुसता थरथरावा, इतकंच. खळाखळा उकळलं तर मांसाचे धागे आवळतात आणि चरबी रश्श्यात घुसळून तो गढूळ होतो. झाकणाच्या कडेला कणकेची वळी लावा. दम देताना लावतो तशीच. हालिस्कोतही जुन्या पद्धतीत मडक्याचं तोंड मक्याच्या पिठानं लिंपून ते भट्टीत किंवा खड्ड्यात ठेवतात. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. समुद्रापलीकडच्या दोन स्वयंपाकघरांना एकमेकांचा पत्ता नाही आणि दोघांनी वाफ अडवायला पीठच लावलं.

बोकडाला अडीच ते तीन तास, म्हशीला साडेतीन ते चार. तिकडच्या पुस्तकातला वेळ जसाच्या तसा घेऊ नका. हालिस्कोची राजधानी ग्वादलाहारा दीड हजार मीटरहून उंचावर आहे, तिथे पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळतं. हैदराबाद साडेपाचशे मीटरवर, इथे 98 च्या जवळ. घड्याळापेक्षा हाड पाहा. नळीचं हाड चिमट्यात धरून हलकेच फिरवलं की ते मांस मागे ठेवून एकटं हातात आलं पाहिजे. आलं नाही तर झाकण ठेवा आणि अर्धा तास तिकडे फिरकू नका.

कुकर चालतो का? चालतो. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून बोकडाला 35 ते 40 मिनिटं, म्हशीच्या नळीला तासभर, आणि वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ काढलीत तर आतला रस्सा एकदम उसळतो आणि मांस कोरडं पडतं. कामावर जाणाऱ्यांनी कुकरच घ्यावा, यात कमीपणा नाही. फक्त पाणी एक लिटर करा, कारण वाफ बाहेर जात नाही.

मंद आचेची शंका ज्यांना येते त्यांनी एकदा थंडीच्या दिवसांत पहाटे जुन्या शहरात जावं. मदिना, नयापूलच्या हॉटेलांत निहारी-पाया रात्रभर मंद शिजलेला असतो. निहारी हा शब्दच सकाळ या अर्थाच्या अरबी शब्दावरून आला. खस, दगडफूल, वाळलेल्या गुलाबाच्या पाकळ्या असा पोटलीचा मसाला फडक्यात बांधून त्यात सोडतात, आणि चव उतरली की पोटली काढून घेतात. सोबत चारकोनी नान. पुरानी हवेलीजवळ मुन्शी नानचं दुकान 1851 पासून ते नान तंदुरातून काढत आलं होतं. मेक्सिकोतही बिर्रिया सकाळचाच, रविवारचा आणि लग्नकार्यातला. आमचं घर मूळचं मराठवाड्यातलं. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आजोबा नोकरीमुळे इथेच, काचीगुड्यात राहिले. त्यांना औरंगाबादचा नान-कलिया आणि इथली निहारी यांत डावं-उजवं करता यायचं नाही. त्यांना बिर्रिया दिला असता तर ते म्हणाले असते, थोडी आंबट निहारी आहे, आणखी वाढ.

मटण शिजलं की ते ताटात काढून हाडं बाजूला करा आणि बोटांनी धागे सोडवा, सुरीनं कापू नका. रस्सा पाच मिनिटं स्थिर ठेवला की लाल तवंग वर येतो. तो पळीनं अलगद वाटीत काढा. मिसळीचा कट जसा जपता तसा तो जपा, पोळी यातच बुडवायची आहे.

पोळीचं काय, हा खरा पेच. तिकडची टॉर्टिया मक्याची, पण साध्या मक्याच्या पिठाची नाही. ते मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर ठेवून, धुऊन वाटतात, म्हणून ते पीठ चिकट होतं आणि घडी घातली तरी तुटत नाही. हौस असेल तर किलोभर वाळलेल्या मक्याला 10 ग्रॅम खायचा चुना घेऊन करून पाहा, इडलीच्या ग्राइंडरवर वाटलं जातं. मी दोनदा केलं आणि सोडलं. रोजच्या घरात दोन वाटा आहेत. तव्यावर तवंगात खरपूस करायचं असेल तर रुमाली रोटी किंवा कणकेचा पातळ फुलका. तो तवंगात एका बाजूनं बुडवा, तव्यावर टाका, अर्ध्या भागावर मटणाचे धागे आणि हवं तर किसलेलं मोझरेला, घडी घाला, दोन्हीकडून कुरकुरीत करा. मी चीज घालत नाही, भाचा घालतो, भांडण नाही. आणि बसून जेवायचं असेल तर ज्वारीची भाकरी. संध्याकाळी रस्त्याकडेला गरम जोन्न रोट्टे थापणाऱ्या बायका या शहरात जागोजाग आहेत, तिथून चार आणल्यात तरी चालेल. भाकरी तवंगात तळू नका, तुकडे पडतात. ती रश्श्यात कुस्करा.

वर बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबू. तेवढंच.

पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशी करून ठेवा, दुसऱ्या दिवशी रस्सा जास्त लागतो. पण हैदराबादचा उन्हाळा विसरू नका. हाडांचा दाट रस्सा आपला आपण गार व्हायला फार वेळ घेतो आणि तेवढ्यात खराब होतो. पातेलं रात्रभर ओट्यावर सोडू नका. पसरट भांड्यांत ओतून, खाली गार पाण्याची परात ठेवून निववा, आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. सकाळी वर लाल चरबीचा पापुद्रा आणि खाली चमच्यानं कापावी अशी थरथरती वडी दिसली, तर नळ्या बरोबर घेतल्या होत्या असं समजा. वाढताना पुन्हा पूर्ण उकळी आणा. त्यानंतरही वाटीभर उरलाच तर फेकू नका. सोमवारी सकाळी मसुरीच्या डाळीची खिचडी टाका, नेहमीच्या चिंचेच्या खट्ट्याऐवजी हा रस्सा गरम करून वर ओता, आणि डब्यात देताना वेगळ्या घट्ट झाकणाच्या डबीत द्या. माझ्या भाच्याच्या ऑफिसच्या बॅगेवरचा डाग अजून गेलेला नाही.